अठराव्या ओळीतली मावशी

मुलांनो, गेल्या आठवड्यात हातात मोबाइल घेतलेली एक मुलगी घरी आली. म्हाताऱ्या माणसांचे दात तपासायचे आहेत म्हणाली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, दात दुखतात का?" माझ्या दोन्ही कवळ्या तेव्हा पाण्याच्या वाटीत होत्या. मी खरं ते सांगितलं, "नाही." तिनं मोबाइलवर बोट टेकवलं आणि गेली. मी बराच वेळ चिडून बसले. हाच प्रश्न मी स्वतः दारोदार विचारला होता. तुम्ही दूर आहात, म्हणून राग शिळा होण्याआधी लिहून ठेवते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि मी जऊळक्याजवळच्या एका दवाखान्यात नर्स होते. वरून हुकूम आला की नर्सनं घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची यादी करावी. वाशीमला एक दिवस दातांचा डॉक्टर येणार होता, पण तपासणी यादीतल्यांचीच. फॉर्म इंग्रजीत होता. मी इंग्रजी शिकलेली, म्हणून भाषांतर माझ्याच गळ्यात पडलं. पहिला प्रश्न 'दात दुखतात का?' उत्तर 'नाही' आलं की ते नाव तपासणीतून बाद, पुढच्या घरी जायचं, तोंडसुद्धा बघायचं नाही.

आमच्या क्वार्टरमागं एक मावशी राहायची. तोंडात चार दात, गालात कायम तंबाखू. मी विचारलं तर म्हणाली, "नाई दुखत बाप्पा."

सून चुलीपासून हसली, "दातच नाईत बुढीले, तं दुखतीन कायले?"

"तू चूप बस व! तुहे तरी कुठं धड हायेत?"

मीही हसले आणि अठराव्या ओळीत 'नाही' लिहिलं. शिस्तीची मी, नियमाबाहेर गेले नाही.

दोन दिवसांनी ताक मागायला गेले, तर मावशी भाकर वरणात कुस्करून, मान वाकडी करून एकाच बाजूनं गिळत होती.

"मावशी, चावता येत नाही का?"

"त्या बाजूले तिखट लागलं का आग होऊन राह्यली. पोयापासून."

पोळा होऊन तीन महिने झाले होते. टॉर्च आणून बघितलं. तंबाखू ठेवायच्या जागी पांढरा चट्टा, मधोमध न भरलेली जखम.

"हे सांगितलं का नाही मला?"

"तू दाताचं इचारलं ना वं. हा तं गाल हाय."

मी 'नाही' खोडून 'तातडीनं दाखवावं' लिहिलं. खाली एक सूचनाही जोडली: म्हाताऱ्यांना दुखतं का विचारू नये, भाकर कशी खाता ते विचारावं. दवाखान्याच्या साहेबांनी यादीच्या दोन्ही प्रतींवर लाल शाईनं सूचना खोडली आणि अठरावी ओळही.

"तुम्ही दातांच्या डॉक्टर आहात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण डॉक्टरची गरज कोणाला आहे ते बघायलाच तर मला पाठवलं होतं ना?"

"फॉर्म भरायला पाठवलं होतं."

तिचं नाव परत घ्यावं म्हणून वर दोन अर्ज केले. उत्तर आलं नाही. शेवटी होळीनंतर, डॉक्टर येणार त्या दिवशी, मावशीला सकाळच्या गाडीनं घेऊन मीच वाशीमला गेले. दारावरच्या शिपायानं यादी वाचली. तिचं नाव नव्हतं. दुपार टळेपर्यंत ती पायरीवर बसून राहिली. "चाल वं, घरी जाऊ, काहून तमाशा करतं?" असं म्हणत राहिली. डॉक्टर सामान आवरायला लागले तेव्हा मी शिपायाला बाजूला सारून तिला आत नेलं. त्यांनी अर्धा मिनिट पाहिलं आणि विचारलं, "इतके दिवस कुठे होतात?"

मी अर्जांच्या तारखा सांगितल्या. त्यांना त्या नको होत्या.

त्यांनी नागपूरला पाठवलं; तिथं कॅन्सर निघाला आणि तिचा अर्धा गाल काढावा लागला. लवकर आली असती तर एवढं कापावं लागलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. वाकड्या तोंडानं ती दोन वर्षं जगली, सुनेशी भांडत. मला एका शब्दानंही दोष दिला नाही. त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. पुढच्या वर्षी फॉर्म पुन्हा आला, पहिला प्रश्न तोच.

त्या यादीची कार्बन प्रत माझ्या लोखंडी पेटीत आहे. अठराव्या ओळीवर लाल रेघ आहे, पण रेघेखालचं 'तातडीनं दाखवावं' अजून वाचता येतं.