समजून वाचण्याचा नवस

गेल्या वर्षी सोलापूरच्या दवाखान्यात ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन चालू होतं. बाहेरच्या बाकावर बसून मी देवाला नवस बोलले, "ह्यांना सुखरूप घरी आण. वर्षानं पुन्हा तपासणीला बोलावतील, त्याच्या आत मी अख्खं पवित्र शास्त्र वाचीन. आणि नुसतं नाही, समजून वाचीन!"

देवानं त्याचं काम केलं. ह्यांना घरी आणलं. माझं वाचनही आठ महिन्यांत संपलं. अडकले ती शेवटच्या दोन शब्दांपाशी! जे कळलं नाही ते वहीत लिहीत गेले, तर वही भरत आली. नवस अर्धा ठेवून तपासणीला जायचं कसं? पोळी लाटतानाही डोक्यात तेच.

मग मोबाईल हातात घेतला. त्यात काय नाही! जुन्या देशांचे नकाशे, उत्खननाचे फोटो, त्या काळच्या चालीरीतींवरचे लेख, मराठीत शास्त्र वाचून दाखवणारं ॲप. गुरुवारी दुपारी आमच्या घरी बायकांची प्रार्थना असते. प्रार्थना झाली की मी वही उघडायची आणि सगळ्यांनी मिळून उत्तर शोधायचं, असं सुरू झालं. धाराशिवातल्या चार बायका आणि हजारो वर्षांपूर्वीचा देश! उत्तरं हळूहळू मिळत गेली, किस्से मात्र डब्यात मावेनात इतके साठले. त्यातले थोडे तुम्हाला वाढते.

* * *

आमच्यातल्या वंदना सिस्टर दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नोकरीला. येशूच्या जन्माआधी त्याच्या आईनं नासरेथ ते बेथलेहेम प्रवास केला, त्याचं अंतर एकदा त्यांनी नकाशावर काढलं. दर नाताळला आपण ही गोष्ट ऐकतो, पण अंतर कुणी बघितलेलं असतं? खालच्या खोऱ्यातल्या वाटेनं गेलं तर धाराशिवहून सोलापूरला जाऊन परत यावं, जवळजवळ तेवढं!

सिस्टर ताडकन उठल्या. "दिवस भरलेली बाई, पहिलटकरीण, आणि एवढा प्रवास? हिला सोडलं कुणी? बरोबर एकही बाईमाणूस नाही!"

मी म्हटलं, "सिस्टर, नावनोंदणीचा हुकूम होता ना."

"असू दे हुकूम! तिच्या नवऱ्याला, त्या योसेफाला, माझ्यासमोर उभा करा!"

त्या दिवशी शेवटची प्रार्थना सिस्टरांनी केली. त्यात त्यांनी योसेफाला क्षमा केली.

* * *

आमच्या पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या पत्नी, स्वभावानं शांत, पण नवीन काही सापडलं की त्यांना दम धरवत नाही. त्यांना यरुशलेमचा एक व्हिडिओ मिळाला. मोबाईल जिकडे वळवाल तिकडचं शहर दिसतं! त्या आमच्या हॉलच्या मधोमध उभ्या राहून मोबाईल डोळ्यांसमोर धरून गोल फिरायला लागल्या.

"ही बघा तटबंदी... ह्या पायऱ्या... आणि आता मागं वळले की जैतुनांचा डोंगर!"

त्या मागं वळल्या आणि त्यांचा पाय थेट माझ्या पोह्यांच्या परातीत!

आमच्यातल्या सगळ्यांत वडील रत्नामावशी कोपऱ्यातून म्हणाल्या, "बाई, डोंगर कुटं पळत न्हाय. आदी पायाखालचं बघा!"

* * *

घरच्या माणसाचाही एक सांगते. मिसर देशातून इस्राएल लोक कधी निघाले, हा माझ्या वहीतला मोठा प्रश्न. तीन साइट उघडल्या, तिघांची तीन शतकं! मी ओट्यापाशी उभी राहून एकीकडून दुसरीकडं उड्या मारतेय, आणि इकडं चहा उतू जाऊन गॅस विझलेला.

हे दारात येऊन उभे राहिले. "नवस माझ्या जिवासाठीच बोललीस ना?"

"हो. का?"

"मग जीव आहे तोवर चहा मिळेल का?"

* * *

उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाकडं तीन पाहुणे येतात. तो धावत तंबूत जाऊन बायकोला, सारेला, सांगतो, तीन मापं सपीठ मळ आणि भाकरी कर. मापांचं कोष्टक मी ऑनलाइन शोधलं. ते निघालं पंधरा-सोळा किलो! तीन माणसांना!

एका अभ्यासाच्या साइटवर 'प्रश्न विचारा' असा रकाना होता. मी लिहिलं, "नव्वदीला टेकलेल्या बाईनं एवढं पीठ मळलं कसं?"

चार दिवसांनी लांबलचक उत्तर आलं. अब्राहामाचा उदारपणा, वाळवंटातलं आदरातिथ्य, तंबूतलं जीवन, सगळं होतं. फक्त पीठ कुणी मळलं ते नव्हतं! मी पुन्हा लिहिलं, "मी अब्राहामाचं नाही, सारेचं विचारलंय."

ह्या वेळी एकाच ओळीत उत्तर. "फार मार्मिक प्रश्न आहे. आपण कुठल्या संस्थेत अध्ययन करता?"

मी कळवलं, "स्वयंपाकघरात."

* * *

रत्नामावशींची ओळख नीट करून द्यायला हवी. सत्तरी ओलांडलेली बाई, शाळेचं तोंड बघितलेलं नाही. मुलाकडं धाराशिवात राहतात, पण जीव भूमजवळच्या वावरात. शास्त्र त्या ॲपवरच ऐकतात, एका हातानं ज्वारी निवडत.

एका गुरुवारी मार्काच्या पुस्तकातली पक्षाघात झालेल्या माणसाची गोष्ट निघाली. घरात इतकी गर्दी, की चौघांनी त्याला वर नेलं, छत उकरलं आणि बाजेसकट येशूपुढं खाली सोडलं. छत उकरतात कसं? स्लॅब फोडला का? माझा वहीतला प्रश्न! सिस्टरांनी त्या काळच्या घरांवरचा लेख वाचायला घेतला. चित्रं होती, बाण होते, दहा मिनिटं झाली तरी संपेना.

मावशींनी चित्रात डोकावून बघितलं. "खाली तुळया, वर काटक्या, त्यावर माती. हे माळवद न्हवं का? माझ्या सासरी हुतं की!"

मी आनंदानं वहीत खूण केली. पण मावशींची चुळबुळ थांबेना.

"काय झालं मावशी?"

"त्यो माणूस बरा झाला, बाज उचलून घरी गेला. लई ब्येस झालं. पर त्या घरातल्या बाईचं काय? वर एवढं भगदाड! ते बुजवलं कुणी?"

अर्धा तास चौघी शोधत होतो. सगळे विद्वान त्या बऱ्या झालेल्या माणसाच्या मागं निघून गेलेले. माळवद बुजवायला एकही थांबलेला सापडला नाही!

* * *

आता शेवटचा सांगते.

ह्यांची तपासणी सोमवारी होती आणि आधीच्या गुरुवारपर्यंत वहीत चार प्रश्न उरलेले. मला धड बसवत नव्हतं. रूथची गोष्ट चालू होती. रूथ, परदेशातून आलेली विधवा, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते, म्हणजे कापणीत मागं राहिलेली कणसं. मी नियमशास्त्रातलं वाचून दाखवलं, कापणी करताना शेताचा कोपरा गरिबाला आणि परक्याला ठेवा. माझा प्रश्न साधा होता. कोपरा म्हणजे किती?

एका साइटवर होतं, निदान साठावा भाग. दुसरीवर, ठरावीक माप नाही. तिसरीवर, शेत केवढं, पीक किती, गरीब किती, त्यावर ठरतं, आणि खाली वाद घालणाऱ्यांची ही रांग! मी मोबाईल चटईवर आपटलाच. "नक्की किती ते एकानं तरी सांगावं!"

मावशी जाताना दारात चप्पल घालत म्हणाल्या, "शनवारी वावरात ये पोरी. काढणी हाय."

शनिवारी सकाळी मी भूमची एसटी धरली. वही पिशवीत होतीच. पोचले तेव्हा दुपार व्हायला आली होती. ज्वारी काढून झालेली, आडव्या ताटांच्या ओळी लागलेल्या, बायका बांधावर जेवायला बसलेल्या. सगळं वावर मोकळं. फक्त पलीकडं, रस्त्याच्या बाजूला, एका कोपऱ्यात ज्वारी तशीच उभी. टपोरी, भरलेली कणसं!

मावशींचा मुलगा माझ्याकडं तक्रार घेऊन आला. "काकू, तुम्ही तरी सांगा हिला. सकाळपासून त्या कोपऱ्यात कुणाला पाऊल टाकू देत नाही. पाखरं खातील की सगळं!"

"खाऊ देत," मावशी म्हणाल्या.

मी वही काढली. "मावशी, हा भाग किती होतो?"

"मोजला न्हाय."

"कुणासाठी ठेवलाय?"

"ते इचारायचं नसतंय."

मला वाटलं, ही त्यांच्या घरातली जुनी रीत असणार. म्हटलं, "कधीपासून ठेवता?"

मावशींनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काहीतरी विसरले होते.

"परवा तू वाचून दाखवलंस न्हवं का? तवापास्नं."

सोमवारी आम्ही सोलापूरला गेलो. चार प्रश्न वहीत तसेच होते, पण नवस अर्धा राहिला असं आता वाटत नव्हतं. गाडीत मी खिडकीतून दोन्ही बाजूंची शेतं बघत बसले.

तुमचंही काही काढणीला आलं असेल. एक कोपरा राहू द्या. मोजू नका.