तिसरा बार

आमच्या गावात अजूनही सांगतात की तलावावरच्या भोयाचा डोळा त्याच्या स्वतःच्या मूर्खपणानं गेला. गावठी बंदूक घेऊन बदकं मारायला गेला, नळी फुटली, छर्रे तोंडात घुसले. ही गोष्ट मी रचली. माझ्या वकील मेहुण्यानं ती नीट भाषेत लिहून दिली आणि खाली सही माझी आहे. आज मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. त्या कागदाच्या जागी हा कागद ठेवायचा आहे.

परतवाड्याच्या अलीकडे माझा संत्र्याचा बगीचा आहे आणि त्याला लागून तलाव. हिवाळ्यात तिथं बदकं उतरत. त्यांची शिकार कायद्यानं कधीचीच बंद झाली होती, ते मला ठाऊक होतं. माझ्याकडे वडिलांची दुनळी होती. मी पाळीवर बेशरमाच्या झुडपात बसायचो आणि भोई छातीभर पाण्यात, पाणकणसांच्या आड वाकून उभा राहायचा. त्याचं काम पडलेली बदकं उचलून आणायचं. दोन बार झाले की बंदूक रिकामी होते, मगच उठायचं, हे माझ्या वडिलांनी त्याच्या बापाला शिकवलं होतं आणि बापानं त्याला. दोन मोजायचे आणि उठायचं. दोन पिढ्यांत कुणालाही खरचटलं नव्हतं.

पण तो उठला की दर वेळी एक गोष्ट व्हायची. पाणकणसात दडून बसलेला उरलेला थवा त्याच्या हालचालीनं बुजून उडायचा, अगदी खालून, माझ्यासमोरून. आणि माझ्या हातात उघडी, रिकामी दुनळी. कित्येक वर्षं मी तो थवा जाताना पाहिला. रात्री जेवताना बायकोला सांगायचो, आज पण गेली.

म्हणून मला पंपाची बंदूक हवी होती, एकाच नळीची, पुढची मूठ मागे ओढली की नवं काडतूस चढणारी. तिच्यात पाच काडतुसं बसतात.

ती वर्षं वऱ्हाडाच्या बदनामीची होती. रोजच्या पेपरात आमच्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या बातम्या यायच्या, त्या कसल्या असायच्या ते लिहायला नको. मी ती कात्रणं कापून बंदुकीच्या अर्जाला जोडली. रोही आणि रानडुकरं पीक खातात, रक्षणासाठी जादा हत्यार हवं, असं लिहिलं. माझ्या बगीच्याला तारेचं कुंपण होतं. कचेरीत माझ्यामागे एक माणूस उभा होता, तो खरोखर रात्रभर मचाणावर डबा वाजवत बसणारा. त्यानं मला विचारलं, "भाऊ, अर्जाले हे पेपर लावा लागते का?" मी म्हणालो, "नाही, गरज नाही." परवानगी मला मिळाली. त्याचं काय झालं, मी कधी विचारलं नाही.

बंदूक घ्यायला अकोल्याला गेलो. दुकानात एक म्हातारा मिस्त्री होता, आयुष्यभर बंदुका दुरुस्त केलेला. त्यानं काउंटरवर तीन पंप ठेवल्या. एक आखूड नळीची, पहारेकऱ्यांची. एक जड, तिची पुढची लाकडी मूठ मागे ओढताना अडकत होती. तिसरी लांब नळीची. मी डोळे मिटून ती खांद्याला लावली आणि मग डोळे उघडले. नजर थेट नळीवरून टोकाच्या मण्यावर. मूठ ओढली, सोडली. खटक-खटक. हातात लोणी फिरावं तशी.

मिस्त्री हसला. "भाऊ, डुक्करके वास्ते लंबी नली? डुक्कर तं जमिनीवर चालते. तुमाले उडतं मारायचं हाये."

"चाचा, तुम्ही बंदूक दाखवा."

"दाखवून तं राहिलो." त्यानं नळीतून उजेडाकडे पाहिलं. "पानी में कौन उतरता?"

"आहे एक."

"पुराना आदमी?"

"बापापासूनचा."

मग तो हसायचा थांबला. "उसको बोल देना. दुनालीवाला आदमी दो गिनके उठता. इसमें पाँच हैं."

"सांगतो," मी म्हणालो.

मी विसरलो नाही. अकोल्याहून परत येताना जीपमध्ये सगळी वाट त्याच विचारात होतो. सांगितलं तर तो माझी हाक येईपर्यंत उठणार नाही. उठला नाही तर थवा उडणार नाही. मग एवढी महागाची वस्तू घेतली कशाला? त्या माणसाचं उठणं हेच माझं जाळं होतं, आणि बंदूक मी त्या उठण्याच्या मापानं निवडली होती.

पहिल्या सकाळी ऊन वर आल्यावर आम्ही तलावावर गेलो. त्यानं बंदुकीकडे वाकून पाहिलं.

"नवी घेतली का भाऊ? पन नळी तं एकच दिसून राहिली. बाप्पा! लोकं एकाच्या दोन करते, तुमी दोनाची एक केली!"

मी पण हसलो.

"मंग सांगा, एका बारावर उठू का दोनावर?"

"दोनच मोज. नेहमीसारखं."

हे शब्द मी माझ्या तोंडानं बोललो. तो पाण्यात उतरला. पाणी थंड होतं, त्यानं दात वाजवून दाखवले, पोरासारखे.

हळदी-कुंकू बदकांची जोडी आधी आली. पहिला बार, दुसरा बार. दोन्ही पडली. तो उठला. त्याच्यामागून अडई बदकांचा सगळा थवा उठला, जसा दर वर्षी उठायचा तसाच. मी मूठ ओढली. तो मला दिसत होता. छातीपासून वर सगळा दिसत होता, डोक्याला बांधलेला पंचा सुद्धा. छर्रा त्याच्या वरून वीतभर जाईल असा हिशेब मी केला आणि तिसरा बार काढला.

त्यानं आवाज काढला. मोठा नाही, ठेच लागल्यावर काढतात तेवढा. तो आवाज मी ऐकला आणि चौथा बार काढला, कारण थवा अजून पल्ल्यात होता. हे आजवर मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. ती वारली.

तो चालत बाहेर आला. एक हात तोंडावर, बोटांतून रक्त. दुसऱ्या हातात हळदी-कुंकूची दोन्ही बदकं, मानेला धरलेली. ती त्यानं माझ्या पायाशी ठेवली.

"भाऊ, दोन झाले होते ना?"

"तू घाई केली," मी म्हणालो.

अमरावतीच्या दवाखान्यात नेताना जीपमध्ये तो दोनदा म्हणाला, "मी तं बराबर मोजले होते." दुसऱ्या वेळी मी त्याला गप्प बस म्हणालो. उजवा डोळा गेला. चौकशीला जमादार आला तेव्हा मेहुण्यानं लिहिलेला कागद मी पुढं केला: आवाज ऐकून मी गेलो, हा जखमी पडलेला होता, त्याच्याजवळची फुटलेली गावठी बंदूक पाण्यात गेली असावी. माझी बंदूक तेलपाणी करून कपाटात होती. डुकरांसाठी.

तलाव मच्छीमार संस्थेकडे होता. सभासदाला जाळं टाकता येई आणि शिंगाड्यासाठी पाण्याचा एक तुकडा मिळे. भोयाचं घर त्या तुकड्यावर चाले. जो सभासद तलावावर स्वतः शिकार करील त्याचं नाव कमी, असा संस्थेचा नियम. सभेच्या आदल्या दिवशी त्याची बायको आमच्या ओसरीवर आली. बसली नाही.

"भाऊ, तुमी मजुरीले बलावलं होतं, इतकंच सांगा. मजुराचं नाव नाई कापत ते. बाकी काईच नोका सांगू."

"बघतो," मी म्हणालो.

सभेत मला खुर्ची दिली होती. अध्यक्षानं विचारलं, हा तुमच्या कामावर होता का? मी म्हणालो, नव्हता. मी आवाज ऐकून गेलो. कुणीतरी मागून ओरडलं, "अबे, तू बोल ना!" पट्टी बांधलेला भोई भिंतीला टेकून उभा होता. त्यानं उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ म्हनून राहिले तं तसंच असंन," तो म्हणाला. नाव कापलं.

त्यानंतर तो परतवाड्याच्या स्टँडवर उकडलेले शिंगाडे विकायचा. दुसऱ्यांकडून विकत घेतलेले. मी बसमधून उतरलो की दुसऱ्या बाजूनं जायचो. पुढच्या हिवाळ्यात मी पाण्यात दुसरा माणूस उतरवला. त्याला मी सांगितलं, पाच मोज. म्हणजे सांगणं इतकं सोपं होतं.

गेल्या महिन्यात मी संस्थेत गेलो. आता तिथं तरुण मुलं आहेत. त्यांनी सांगितलं, खरं काय ते लिहून द्या, त्यावर भोयाचीही सही आणा, नाव परत लावू. मी वर लिहिलं ते सगळं लिहिलं आणि भोयाच्या घरी गेलो. त्याची बायको नाही आता. तो अंगणात शिंगाडे सोलत होता. सुनेनं कागद वाचून दाखवला. कचेरी, अकोला, दोनच मोज, चौथा बार. वाचताना ती दोनदा थांबली. तो सोलत राहिला.

वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, "मंग त्या दिवशी मी उठलोच नसतो तं?"

सून माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, इथं काहीतरी सोयीचं बोलून सुटता येईल, पण तसं केलं नाही.

"तर मी तुला हाक मारली असती," मी म्हणालो. "ऊठ म्हणून."

"बंदूक भरलेली असताना?"

"हो."

त्यानं चाकू खाली ठेवला. "हे नाई यात."

"नाही."

"मंग लिवा ना. अर्ध्या कागदावर सही कशी करू?"

मी त्याच्या अंगणात बसून ते लिहिलं. सुनेनं तेवढंच मोठ्यानं वाचलं. त्यानं परत एकदा वाचायला लावलं. मग लुगड्याच्या चिंधीला हात पुसले आणि कागद डाव्या डोळ्याजवळ नेऊन, एकेक अक्षर काढत, सही केली.