साहेबरावांचं रडू अन् सम्यकची मशीन

शेवटच्या दिवशी सकाळी सम्यक विद्यापीठातून पळतच आला अन् दारातूनच वरडला, "काका, मशीन सुरू झाली! आता रडा!"

खाटंवर पडलेले साहेबराव एवढे खूश झाले, की त्येंला रडूच येईना.

आता हे कळायचं तर आधी मागचं सांगावं लागतं. साहेबराव छावणीच्या बाजारात भांड्याच्या दुकानात नावं टाकायचे. हातातली मशीन घुर्रर्र करायची अन् तांब्यावर, ताटावर नाव उठायचं. लग्नाच्या भांड्यावर नाव टाकताना रडायचे, अन् 'स्मरणार्थ' टाकताना तर इचारूच नका. गिऱ्हाईक कोरडं, हे रडायचे. गिऱ्हाईकच त्येंला पाणी पाजायचं. वस्तीत कुणाची पोरगी नांदायला निघाली, की तिच्या बापाच्या आधी साहेबराव. एकदा शेजारच्यानं फटफटी विकली, तर हे तिच्या मागं कोपऱ्यापर्यंत रडत गेले. फटफटीवर कधी बसले बी नव्हते.

बायको भामाबाई म्हंजे कोरडी विहीर. मायच्या मयतीला बी डोळा ओला नाय. बाया टोमणे मारायच्या. ती म्हणायची, "माझ्या वाटचं बी हेच रडत्यात. मी कामून तकलीफ घेऊ?"

लेकरूबाळ नव्हतं. पुतण्या सम्यक त्येंच्याकडंच राहून शिकला. पीएचडी झाला, अन् झाल्यावर बी त्याचं शिकायचं संपंना. त्याला पोस्टडॉक म्हणत्यात म्हणे. काम काय, तर डोळ्याला न दिसणारा अतिनील उजेड आसवाच्या थेंबावर मारायचा, अन् उलटून येतो त्यो मोजायचा. थेंबातला एकेक रेणू थरथरतो. ज्याची त्याची थरथर येगळी, म्हणून मशीनीच्या पडद्यावर ज्याची त्याची रेघ येगळी.

साहेबराव म्हणले, "म्हंजे भांडं वाजवून बघत्यात तसं?"

"तसंच समजा. पण काका, मला आसवं पायजेत. कांद्याची नाय, मनातून आलेली."

साहेबराव बघतच राहिले. जन्मभर ज्याच्यापायी लोकं हसले, ते सायन्सला पायजे! म्हणले, "पायजे तेवढं घे. फक्त आसवं घेशील त्या नळीवर माझं नाव टाक."

"नाव नसतं काका, नंबर असतो. नियम हाय."

"बिगरनावाचं भांडं पंगतीला देतं का रे कुणी? बदलून गेलं म्हंजे?"



पण नशीब बघा. तवाच मशीनीचा लेझर बिघडला. पार्ट परदेशातून यायचा. महिने गेले. साहेबराव रोज रडायचे, सम्यक रोज म्हणायचा, "सांडू नका काका, मशीन बंद हाय."

"फ्रिजात ठिव की मग."

"ताजंच लागतं."

तेवढ्यात साहेबरावांचं काळीज थकलं. डॉक्टर म्हणले, घरीच ठिवा आता. साहेबरावांचं एकच चाललेलं, माझ्या नावानं एक थेंब मशीनीत जाऊ दे, मग मी मोकळा.

अन् मशीन सुरू झाली त्या दिवशी डोळे ठणठणीत कोरडे. सम्यक काचेची बारीक नळी घेऊन गालापाशी बसला. शेजारच्या चतुराबाईला बोलावलं. तिचं रडणं म्हंजे दगडाला पाझर फोडणारं. तिनं सूर लावला, अन् साहेबरावच तिला समजवायला लागले, "चतुरे, नको रडू, आज चांगला दिवस हाय."

शेवटी भामाबाई उठली. "अवो, मी मेले असं समजा. मग तरी रडताल का नाय?"

साहेबरावांनी तिच्याकडं बघितलं. म्हणले, "तू मरतीस व्हय? तू आधी मला पोचवशील, मग भांडे घासशील, मग म्हणशील, बघू सवड झाली तर."

अन् हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, अन् ठसक्यातच गेले. सम्यकची नळी रिकामीच.

मयतीला तमाम वस्ती रडली. जेंच्या जेंच्या दारात ते रडले व्हते, त्येंनी सगळं परत केलं. भामाबाई तेवढी कोरडी.

पुण्यानुमोदनाला, म्हंजे मयतीनंतरच्या कार्याला, आलेल्या लोकांला साहेबरावांच्या नावाचे पेले द्यायचे व्हते. दुकानाचा मालक म्हणला, "साहेबरावांनी एक खोकं आधीच नाव टाकून ठिवलंय, माळ्यावर." भामाबाईला वाटलं, दुसऱ्याच्या हातावर भरवसा नाय, म्हणून आपले पेले आपणच करून गेले. खोकं मांडवात आलं, सम्यकनं पाणी वाटलं.

चतुराबाईनं घोट घेतला, पेला फिरवून बघितला, अन् बोंबललीच. "आगं भामा, हे काय गं!"

भामाबाईला वाचता येत नव्हतं. आपलं एक नाव तेवढं वळखायची, घरातल्या सगळ्या भांड्यांवर नवऱ्यानं टाकलेलं. तेच नाव पेल्यावर. सम्यकनं चाचरत वाचलं, "कालकथित भामाबाई यांच्या स्मरणार्थ, साहेबरावांकडून."

मागं तिला डेंगू झाला व्हता. ती दवाखान्यात, अन् ही काय आता जगत नाय म्हणून हे दुकानात रडत रडत खोकंभर पेले करून बसले. ती उठून घरी आली, अन् ह्यांनी खोकं लपवलं.

सगळा मांडव तिच्याच नावाचं पाणी पीत व्हता. भामाबाईनं एकदा पेल्याकडं बघितलं, एकदा लोकांकडं. "मला वाटून टाकलं की रं ह्यांनी!" म्हणली, अन् हसत सुटली. पदर तोंडात कोंबला तरी थांबंना. हसायचं कवा रडं झालं, कुणाला कळलं नाय. गालावरून धारा लागल्या.

सम्यकचा हात खिशाकडं गेला. नळी खिशातच व्हती, पण काढायला लाजला.

"काढ की! वाया चाललंय!"

"काकू, पण हे तुमचं हाय."

"माझं कुठलं आलंय? ह्यांनी आणलं, ह्यांचंच. नाव टाक त्येंचं."

"नंबर असतो..."

"सम्या."

सम्यकनं थेंब नळीत घेतला, नळी इवल्या डबीत ठिवली, पेन काढला. काय लिहावं ते कळंना, म्हणून पेल्यावरचं बघून लिहायला लागला. डबी अंगठ्यायेवढी. 'साहेबरावांकडून' एवढंच मावलं.