लागलं आणि पुरं झालं

श्री. मनोहरराव पिंगळीकर, म्हणजे आपले सर्वांचे नाना, यांची माझी पहिली ओळख माझ्या एका चुकीमुळे झाली. अठरा वर्षांपूर्वी माझे सासरे वारले. ते इथल्या कोर्टात पेशकार, म्हणजे जज्जसाहेबांपुढे फायली मांडणारे कारकून होते. सासूबाईंच्या, म्हणजे माईंच्या, फॅमिली पेन्शनचा अर्ज मीच भरला. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं, पण घरचा आणि भजनी मंडळाचा हिशेब माझ्याकडे, त्यामुळे आकडे आपल्याला येतात असा समज होता. नाना तेव्हा सरकारी हिशेबाच्या कचेरीत पेन्शन शाखेत होते. कागद देण्याआधी त्यांना दाखवा, असं शेजाऱ्यांनी सांगितलं, म्हणून माईंना घेऊन मी हरिशंकरपुरमला त्यांच्या घरी गेले.

नानांनी अर्ज वाचला आणि उठून व्हरांड्यात फेऱ्या मारू लागले. मला वाटलं, रागावले. पुढे कळलं की त्यांना बसून विचार करताच येत नाही.

"माई, वय काय तुमचं?"

"बासष्टावं."

"म्हणजे एकसष्ट पुरी झाली."

"बासष्टावं लागलं म्हणजे बासष्टच. आम्ही असंच सांगतो."

"माई, चतुर्थी लागली म्हणून चंद्र उगवत नाही."

"तो उगवेपर्यंत उपास तर आम्हीच करतो ना?" माई म्हणाल्या.

नाना हसले, पण अर्ज परत दिला. मी चालू वर्षातून बासष्ट वजा करून जन्मसाल लिहिलं होतं. घरी ट्रंक उपसल्यावर माईंचा शाळेचा दाखला निघाला आणि माझं साल एका वर्षाने चुकलेलं निघालं. ते सुधारून अर्ज गेला, पेन्शन विनादिक्कत सुरू झालं. त्या एका वर्षाची किंमत तेव्हा आम्हा कोणालाच ठाऊक नव्हती.

नानांनी पुढे आमचं घर आपलंच मानलं. दर नोव्हेंबरात, पेन्शनर हयात आहे असा दाखला द्यायचा असतो, तेव्हा ते न सांगता येतात आणि माईंना बँकेत नेतात. एका वर्षी माईंचा अंगठा मशीनवर उठेना. भांडी घासून घासून रेषाच गेलेल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, फिंगर नहीं आ रहा, अगले हफ्ते आइए." नाना शांतपणे म्हणाले, "बिटिया, अंगूठा नहीं आ रहा, माई तो आ गई हैं न?" मॅनेजर बाहेर आले, कागदावर काम झालं. परत येताना माईंनी त्यांना टोपी बाजारात थांबवून पेढे घेऊन दिले, स्वतःच्या पैशाने. ही गोष्ट आमच्याकडे फार मोठी समजली जाते.

नानांच्या कामाविषयी लिहायची माझी योग्यता नाही. जे त्यांच्याच तोंडून ऐकलं तेवढं सांगते. पेन्शनचा कुठलाही नियम बदलायचा झाला की सरकारवर त्याचा किती भार पडेल, ते काढण्याचं काम त्यांच्या टेबलावर येई. एकदा न्यायाधीशांच्या पेन्शनमध्ये काही वाढ सुचवलेली होती. वरचे साहेब म्हणाले, "पिंगळीकर, मूठभर तर माणसं. 'भार नगण्य' लिहा आणि फाइल सोडा." नाना म्हणाले, "साहेब, नगण्य म्हणजे जे मोजलं नाही ते. मी तर मोजलंय." त्यांनी आकडा लिहिला. तो खरोखरच लहान होता, पण लिहिला.

हा स्वभाव आपल्या पेन्शनर मंडळाला मागच्या वर्षी जड गेला, आणि मलाही. ते इथे लिहावं की नाही, यावर चार दिवस घालवले. गौरवाच्या अंकात गोड तेवढंच लिहावं असं आमचे हे म्हणतात. पण मग नाना ओळखू येणार नाहीत.

पेन्शनरांना वयाच्या ऐंशीला पेन्शन वाढवून मिळतं, हे आपण जाणताच. ऐंशी म्हणजे लागलेलं की पुरं झालेलं, यावर न्यायाधीशांच्या बाबतीत वाद झाला आणि ऐंशीवं लागलं की वाढ द्यावी, असा निकाल लागला. ऐकून माई उठून बसल्या. त्यांना नुकतंच ऐंशीवं लागलं होतं. "जज्जसाहेबांचं ऐंशीवं ते ऐंशी, आणि पेशकाराच्या बायकोचं ते एकोणऐंशी?" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागल्या.

मंडळाने ठरवलं, सर्वांसाठीच ही मागणी करायची. अर्जासोबत खर्चाचं पान नानांनी करावं. अध्यक्ष श्री. खांडवेकर यांनी सुचवलं, "न्यायाधीशांना देताना फार भार पडला नाही, एवढंच लिहा." नानांनी दोन आकडे लिहिले. न्यायाधीशांपुरता लहान, आणि ऐंशीचा तोच अर्थ प्रत्येक पेन्शनरला लावला तर केवढा, तो मोठा.

"नाना, आपण मागणारे. देणाऱ्याची वकिली कशाला करता?" खांडवेकर बैठकीतच म्हणाले.

"किंमत मागणाऱ्यानेच सांगावी. सरकार ती काढणारच आहे. मग आपण खोटे ठरू. मागणी रास्त आहे, पण फुकटची नाही."

सही त्यांनी मागणीवरही केली आणि त्या पानावरही. अर्ज तसाच गेला. त्यानंतर काही दिवस मंडळातल्या काहींनी नानांशी बोलणं सोडलं.

मी बोलणं सोडलं नाही, मी भांडायला गेले. म्हटलं, "नाना, ते पान परत मागवून घ्या. माईंचं वर्ष वाया चाललंय."

नाना फेऱ्या मारत म्हणाले, "सूनबाई, भजनाच्या प्रसादाला खर्च जास्त झाला तर तुम्ही वहीचं पान फाडता?"

"फाडत नाही. पण पंगतीला बसलेल्या म्हातारीपुढे ते धरतही नाही."

नाना थांबले. म्हणाले, "पान राहील. पण माईंना ते आधी मीच सांगायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी ते आले. माईंसमोर चक्क खाली बसले आणि दोन्ही आकडे सांगितले. त्या पानामुळे अर्ज अडू शकतो, हेही सांगितलं. माईंनी ऐकून घेतलं.

"अठरा वर्षांपूर्वी माझं वर्ष कमी केलंत. आता मिळू पाहतंय तर त्याचा खर्च सांगितलात."

"हो, माई."

"खोटं काही लिहिलंय का?"

"नाही."

"मग मी ऐंशी पुरीच करते. उपासाची सवय आहे मला. तुम्ही चहा घ्या."

नानांनी त्यांच्या पायांना हात लावला. चहा मात्र उभ्यानेच घेतला.

सरकारकडून उत्तर आलेलं नाही. माईंची ऐंशी पुरी व्हायला चार महिने उरलेत. पोस्टमन फाटकाशी आला की त्या स्वयंपाकघरातून मला विचारतात, "सरकारी आहे का गं?" नाना बरोबर की मी, हे मला आजही सांगता येत नाही. सकाळी देवापुढे मी एकच मागते, की अर्ज मंजूर व्हावा, आणि नानांच्या त्या पानासकट व्हावा.

या अंकाचीही तीच गंमत. मंडळाने पंच्याहत्तरीचा सत्कार ठरवला, तर नाना म्हणाले, "पंच्याहत्तरावं आत्ता लागतंय. पुरं झाल्यावर बघू." खांडवेकर, जे रागावलेले होते तेच, आमच्याकडे तक्रार घेऊन आले. माईंनी निरोप धाडला, "नानांना म्हणावं, सत्काराचा भार सरकारवर नाही. लागेल त्याच दिवशी करायचा." नानांनी तारीख कबूल केली.

तेव्हा नाना, तुम्हांला ऐंशीवं लागो, ऐंशी पुरी होवो, आणि पुढची सगळी वर्षंही अशीच आधी लागोत, मग पुरी होवोत. गुडघे फेऱ्यांपुरते धड राहोत. वाढ कुठल्या दिवसापासून द्यायची ते सरकार ठरवील. आम्ही मात्र ऐंशीवं लागेल त्याच सकाळी निरांजन घेऊन हरिशंकरपुरमला येऊ. माई पुढे असतील, आणि त्या दाखला मागणार नाहीत.