यांच्या नंबरवर गेलेला ओटीपी

ताईच्या पदवीदान समारंभाला मी का आले नाही, हे तुम्हा दोघांना नीट सांगायचं राहून गेलं. फोनवर सांगायला गेले, तर तुमचा बाबा मध्येच म्हणाला, "आई, तुला यायचंच नव्हतं. तू टाळून राहिली होतीस." म्हणून लिहायला बसले. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि मलाही. मी आयुष्यभर तीच भाषा शिकवली. पण इथल्या हिंदी मुलखात हे सगळं घडलं ते मराठीत आणि हिंदीत. तुमच्या आईकडून वाचून घ्या.

मला यायचं होतं. ताईला तो काळा झगा घालून स्टेजवर चढताना बघायचं होतं. कोणती साडी नेसायची ते ठरलं होतं. खोव्याची जिलबी विमानात टिकेल का, याची मी दुकानात जाऊन चौकशीही केली होती. दुकानदार हसला होता.

व्हिसासाठी माझी मागच्या तीन वर्षांची आयकर रिटर्न्स हवी होती, आणि पेन्शनचा फॉर्म सोळा, म्हणजे वर्षभरात किती पेन्शन मिळाली आणि त्यातून किती कर कापला गेला त्याचा दाखला. हे वाचून मी निर्धास्त झाले. कागद सांभाळणं हे माझं काम. फाईल काढली. नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची रिटर्न्स ओळीनं लावलेली, प्रत्येकावर कर कार्यालयाचा शिक्का. मग ज्या वर्षी सगळं संगणकावर गेलं, तिथे फाईल संपत होती. तेव्हापासून माझंही रिटर्न तुमचे आजोबाच भरायचे. प्रत मागितली की म्हणायचे, "कागद कशाला? सगळं वर असतं."

तुमचे आजोबा मागच्या दिवाळीआधी गेले. पासवर्ड त्यांच्या डोक्यात होता.

विजय नगरला कर भरून देणाऱ्या एका मुलाचं ऑफिस आहे. मुलगा म्हणते, पण त्याचे केस पिकलेत. त्याचे वडील आजोबांबरोबर फॅक्टरीत होते. तो म्हणाला, "काकू, पासवर्ड नसला तरी चालते. ओटीपी येईल, तो सांगा." मी माझा मोबाईल हातात धरून बसले. काही आलं नाही. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. "हे शेवटचे आकडे कोणाचे आहेत? तुमचा नंबर हा नाही."

आकडे यांच्या नंबरचे होते.

आमच्या कॉलनीत घरातल्या पुरुषाचा नंबर हाच घराचा नंबर. गॅस, बँक, आधार, माझी पेन्शन, सगळ्याला तोच. माझ्या मोबाईलवर फक्त माणसं बोलायची. हे गेल्यावर त्या नंबरचा रिचार्ज कोणी केला नाही. त्याचं अजून काही काम उरलंय, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

"आधारवर तुमचा नंबर टाकून घ्या, मग होऊन जाईल," तो म्हणाला. म्हणून आधार केंद्रावर गेले. तिथल्या बाईंनी माझा अंगठा काचेवर दाबला. मग दुसरा. मग एकेक बोट. "अम्मा, हाथ पोंछ लो. अम्मा, ज़रा ज़ोर से." ओल्या फडक्यानं पुसून झालं, कोरड्यानं झालं. शेवटी त्या म्हणाल्या, "रेखाएँ घिस गई हैं." डोळ्यांवरूनही ओळख पटवता येते म्हणून यंत्रासमोर बसवलं. तेही जमलं नाही. बहुतेक मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे असेल, असं त्यांना वाटलं. मी माझं कार्ड पुढे केलं, त्यावरचा फोटो दाखवला. "हमको तो दिख रहा है आप ही हैं, मशीन को नहीं दिख रहा." अर्ज पुढे पाठवते म्हणाल्या, वाट बघा. मी दर दोन दिवसांनी जाऊन विचारत होते. शेवटी मला बघताच त्या मानेनंच नाही म्हणू लागल्या.

बँकेत फॉर्म सोळा मागितला. तो मेलवर गेलाय म्हणाले. कोणत्या मेलवर, हे मी विचारलं खरं, पण उत्तर मला ठाऊक होतं.

व्हिसाचे कागद संगणकावर चढवायचा शेवटचा दिवस आला. तुमच्या बाबानं तिकडून दोनदा विचारलं, "झालं का?" दुपारी मी विजय नगरच्या ऑफिसात बसले होते, तेव्हा तो मुलगा म्हणाला, "काकू, त्या नंबरवर फोन लावून पाहा ना. कोणाला तरी मिळाला असेल."

मला ते सुचलं नव्हतं असं नाही. पण हे गेल्यापासून मी तो नंबर लावला नव्हता. घंटी वाजली. एक बाई बोलल्या, "हाँ, कौन?"

मी सगळं सांगितलं. त्या इथून लांब, कुंडम गावाच्याही पुढच्या खेड्यातल्या होत्या. नंबर त्यांना दोन-तीन महिन्यांपूर्वी मिळाला होता. "अच्छा, तो वो मैसेज आपके हैं? गैस वाले?" त्या म्हणाल्या. "हर बार लिख के आता है सिलेंडर पहुँच गया. हम बाहर जाके देखते हैं, कुछ नहीं. हमारे वो कहते हैं, तू ही कहीं बेच आई."

मला हसू फुटलं. मुलानं ओटीपी मागवायचं बटण दाबलं. मी म्हटलं, "दीदी, अभी एक नंबर आएगा, छह अंक का. वो बस मुझे पढ़ के सुना दो."

त्या म्हणाल्या, "वो नहीं बताएंगे, अम्मा. बैंक वाली मैडम ने मना किया है. हमारे जेठ ने बता दिया था, खाता साफ हो गया. वहाँ भी ऐसे ही बूढ़ी अम्मा बोल रही थी, रो रही थी."

"मैं टीचर थी," मी म्हणाले. हे का सांगितलं, कोण जाणे.

"वो भी कुछ थी," त्या म्हणाल्या. फोन ठेवला.

थोरल्या दिरावरून त्या शहाण्या झाल्या होत्या. मी स्वतः शेजारपाजारच्या सगळ्या बायांना ओटीपी कोणाला सांगू नका, हेच बजावत आले होते. खुर्चीत बसून राहिले. पंख्याखाली फाईलची पानं फडफडत होती. पुन्हा फोन लावला, तो उचलला गेला नाही. संध्याकाळी ऑफिस बंद करताना त्या मुलानं विचारलं, "घरी सोडून देऊ का, काकू?" तुमच्या बाबाला मी 'झालं नाही' एवढंच कळवलं. व्हिसासाठी त्यानंतरची तारीख मिळत होती ती समारंभ होऊन गेल्यावरची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत होते. फोन वाजला आणि पडद्यावर यांचं नाव आलं. भाजी बाजूला सारली. उचलला.

"अम्मा, हम बोल रहे हैं. कल वाले." आवाज जरा ओशाळलेला होता. "रात भर जी में लगा रहा. सुबह जेठ से पूछा. वो बोले, चोर होती तो गैस वाली बात पे हँसती नहीं, बता दे. वो नंबर अभी मिटाया नहीं है. कागज-पेन है आपके पास?"

तो ओटीपी केव्हाच बाद झालेला होता. काही मिनिटंच चालतो तो. आणि कालचा दिवसही गेलेला होता. मी पेन घेतलं.

त्यांनी एकेक आकडा सावकाश वाचला. मी लिहून घेतला.

"लिख लिया? एक बार पढ़ के सुनाओ."

मी वाचून दाखवला.

"हओ, यही है," त्या म्हणाल्या. "अब जाओ अपनी नातिन के पास, आराम से."