परक्या बाळाचं सोयर

आमची विनता वहिनी फार धीराची होती असं आता सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्या घरात होते. ती थरथर कापत होती, आम्ही सगळेच कापत होतो.

एकाहत्तरच्या लढाईचे दिवस. माझा भाऊ, गुणवंतदादा, जबलपूरला दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर. राहायला कारखान्याच्याच वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर. अंधार पडला की ब्लॅकआउट. बाहेरचं माणूस परवानगीशिवाय आत आणायचं नाही. आणलं तर नोकरी गेली, क्वार्टर गेलं, वर हेर म्हणून चौकशी. हे सगळं माहीत असून वहिनी एका दुपारी बंगालकडची एक परकी पोर घरी घेऊन आली.

महिला मंडळाच्या बायका स्टेशनवर निर्वासितांच्या गाडीला दूध वाटायला गेल्या होत्या. तिथे ही शेफाली फलाटावर पडलेली. अंगात ताप, कुशीत चार-पाच दिवसांचं पोर, आणि नवरा त्या गर्दीत गाडीबरोबर पुढे छावणीकडे गेलेला. तापाने हिचं दूध आटलेलं. बाकीच्या बायका हळहळल्या नि घरी गेल्या. वहिनीची बेबी तेव्हा आठ महिन्यांची, अंगावर पिणारी. ते पोर रडलं आणि वहिनीला पान्हा फुटला. मग कोण ऐकतं? शेफालीला शालीत गुंडाळली, रिक्षात बसवली, गेटवर जवळच्याच एका गावाचं नाव घेऊन बेधडक सांगितलं, "मेरी बहन है भैया, पाटन से आई है, जचकी हुई है."

घरात शिरल्यावर मात्र वहिनी दाराला पाठ लावून खालीच बसली. दादा कामावरून आला, खाटेवरची बाई पाहिली नि पांढराफटक पडला.

"काहून आणलं तिला? आपल्याला देशोधडीला लावून राहिली का तू?"

"पोर मरून जाईल हो," वहिनी म्हणाली. दोन्ही लेकरं तिच्या मांडीवर होती, एक इकडून, एक तिकडून.

दादा त्या रात्री जेवला नाही. त्या दिवसापासून रस्त्यावर बूट वाजले की त्याचा घास हातातच राहायचा. मला तर वहिनीचा असा राग यायचा की काय सांगू. माझं लग्न ठरायचं होतं, आणि ही बया घरात धगधगता इंगळ घेऊन बसलेली. पण पोर हातात दिलं की माझाही राग कुठल्या कुठे जायचा.

पोर लपवायचं तर गुपचूप लपवावं ना. पण आमच्यात बाळंतीण म्हटली की शेक-शेगडी आलीच. वहिनीने खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, वर ओवा नि बाळंतशेपांची धुरी. मी म्हटलं, "वहिनी, हा वास गल्लीभर जातो."

"डिसेंबरची थंडी आहे शकु. ओल्या बाळंतिणीला बिनशेकाची निजवू? तापाने उद्या ती गेली तर या लेकराचं कोण?"

आणि व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी खिडकीवरची घोंगडी सरकली नि शेगडीचा उजेड बाहेर गेला. दारावर काठी वाजली.

"उजेड कुठून येऊन राहिला?"

बापूसाहेबांचा आवाज. ते आमच्यातलेच, कारखान्यात सुपरवायझर, आणि लढाईपुरते गल्लीचे वॉर्डन. माणूस नियमाचा, सोवळ्या-ओवळ्याचा त्याहून कडक. दार मी उघडलं. बापूसाहेब थेट आतल्या खोलीकडे निघाले तशी वहिनी उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"आत येऊ नका. सोयर आहे."

बापूसाहेब थबकले. जन्माचा विटाळ, त्यांच्यासारखा माणूस पुढे कसा येईल? मला वाटलं, सुटलो.

"कोण बाळंत झालं?"

"माझी बहीण."

त्यांनी काठी खाली टेकवली. "बहिणीचं सोयर तिच्या सासरच्यांना. ते गुणवंताच्या घराला कसं लागेल?"

वहिनीच्या तोंडून घाईत निघून गेलं होतं, आणि नेमकं त्यांच्यासमोर. आत पोर रडायला लागलं. शेफाली घाबरून काहीतरी पुटपुटली. ते बंगाली बापूसाहेबांनी स्वच्छ ऐकलं.

"गुणवंत," ते हळूच म्हणाले, "ही बाई कोण आहे?"

वहिनी आत गेली, पोर उचलून पदराखाली घेतलं नि पुन्हा उंबऱ्यात आली.

"खोटं बोलले बापूसाहेब. निर्वासितांच्या गाडीतली आहे. पण हे आल्यापासून माझंच दूध पिऊन राहिलं आहे. आता याचं सोयर कोणाला लागतं ते तुम्हीच सांगा."

बापूसाहेबांनी मान दुसरीकडे फिरवली. काठी उचलली आणि निघून गेले.

"आता गार्ड येतील," दादा म्हणाला. त्याने ट्रंक ओढली आणि कपडे भरायला लागला, बेबीची झबली आधी. तेवढ्यात बूट परत वाजले. मी देवाचं नाव घेत कोपऱ्यात उभी राहिले. कोणी दार ठोठावलं नाही. खिडकीवर खिळे ठोकल्याचा आवाज आला. बापूसाहेब बाहेरून काळा कागद लावत होते.

"सोयर फिटेपर्यंत या घरात कोणी पाऊल टाकणार नाही, मी गल्लीत सांगून ठेवतो," ते बाहेरूनच म्हणाले. "पुढे मात्र मला वर कळवावं लागेल. तोवर तिला उभी करा."

मग आम्ही तिघांनी मिळून तिला उभी केली. दादासुद्धा पहाटे उठून निखारे फुंकायचा. तिचा ताप उतरला, दूध परत आलं. लढाई संपली. बापूसाहेबांनी बोलल्याप्रमाणे वर कळवलं. आमच्यावर आळ येऊ दिला नाही, पण तिला छावणीच्या गाडीत बसवायचा हुकूम आला.

फलाटावर वहिनीने पोराला शेवटचं पाजलं आणि शेफालीच्या हातात दिलं. शेफाली तिच्या पाया पडली. गाडी हलली तसं पोर रडायला लागलं. वहिनी रडली नाही. तिचं लुगडं छातीवर ओलं होत गेलं, आणि ती मला विचारत राहिली, "शकु, घेईल ना गं ते तिचं दूध? घेईल ना?"