डोक्याला लागलं की बाहेर

आमच्या टीमकडे कप तीन आहेत, नेट एकच आहे, आणि किस्से किती ते कुणालाच माहीत नाही. फुटबॉलवाल्यांचं असंच असतं. मॅच दीड तासाची आणि तिच्याबद्दल बोलणं आठवडाभर! वसमतला प्रॅक्टिस संपली की बुटाची नाडी सोडता सोडता कुणीतरी म्हणतं, "अरे, त्या दिवशी काय झालतं..." आणि चहा गार होतो. मी बेंगळुरूत फिजिओथेरपी शिकून गावी परतले आणि या टीमची बिनपगारी फिजिओ झाले. तेव्हापासून माझ्याकडेही साठा होत गेला. फक्त माझे सगळे किस्से डोक्याला मार लागण्याचे!

टीमचे कोच दिगंबर खिल्लारे. आईचे चुलतभाऊ म्हणून माझे मामा, पण टीमही त्यांना मामाच म्हणते. तरुणपणी ते मुंबईतल्या एका क्लबात पगारी डिफेंडर होते. हवेतून येणारा प्रत्येक बॉल कपाळावर घ्यायचा, हीच त्यांची नोकरी. आजही मैदानावर त्यांचा एकच मंत्र चालतो, "पाय चुकंल, डोकं चुकत न्हाई!"

मला हा मंत्र बंद करायचा होता.

*

पहिल्याच आठवड्यात मी टीमला बसवून भाषण दिलं. बेंगळुरूहून आणलेल्या सत्तावीस स्लाइड दाखवल्या. डोक्याला वारंवार हादरे बसले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ती लगेच दिसत नाही. खेळ सुटून वीस वर्षं झाल्यावर माणूस विसरायला लागतो, चिडायला लागतो. सगळे जांभया देत होते. मग मी घरून आणलेला स्टीलचा डबा काढला. आत लागलेलं दही होतं. डबा जोरात हलवला, झाकण उघडलं आणि सगळ्यांना दाखवलं.

"बघा, डब्याला साधा पोचाही नाही. पण आत दही राहिलं का?"

जांभया थांबल्या. वाटलं, चला, पोचलं! एवढ्यात आमचा गोलकीपर अल्ताफ, वेल्डिंगचं दुकान चालवतो तो, डब्यात डोकावून म्हणाला, "मॅडम, थोडं मीठ हाय का? ताक झकास झालंय!"

*

तरी मी एक नियम केलाच. डोक्याला लागलं की मी मैदानात धावत जाणार आणि तीन प्रश्न विचारणार. आपण कुठं खेळतोय? कितवा हाफ? स्कोअर काय? एक जरी उत्तर चुकलं तरी त्या दिवशी खेळ बंद. सगळी उत्तरं बरोबर आली तरी माझी शंका फिटल्याशिवाय खेळायचं नाही.

दुसऱ्याच रविवारी सुमेधला लागलं. सुमेध आमचा स्ट्रायकर, मोंढ्यात हळदीच्या आडतीवर कामाला. उडी मारून हेड करताना समोरच्याचं कोपर त्याच्या कानशिलावर बसलं आणि तो आडवा झाला. मी पोचले, गुडघ्यावर बसले. अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच डोळे मिटलेल्या सुमेधने घडाघडा सांगून टाकलं, "वसमत, सेकंड हाफ, आपन दोन, त्ये शून्य!"

मॅच सेनगावजवळच्या गोरेगावात होती. फर्स्ट हाफ चालू होता. आणि दोन गोल त्यांचे होते!

नंतर कळलं की मागच्या रविवारच्या मॅचची उत्तरं कुणीतरी टीमच्या ग्रुपवर टाकली होती, आणि पठ्ठ्याने पाठ केली होती.

मी त्याला बाहेर काढायला लागले तर मामा लाइनवरून ओरडले, "पानी मार तोंडावर अन् सोड आत! आमी टाके घालून खेळलोत!" सुमेध उठला, मला नमस्कार केला आणि आत पळाला. त्या रात्री त्याला दोनदा उलटी झाली. सकाळी आडतीवर जायचं कोणत्या गल्लीने, हे तो भावाला विचारत होता. तपासात काही निघालं नाही आणि तो महिनाभराने सावरला. पण मी त्या दिवशीच ठरवलं, पुन्हा लाइनवर उभं राहून बघत बसायचं नाही.

*

मामांचा स्वतःचा एक किस्सा आहे. टीमचा सगळ्यात लाडका. मुंबईत एका मॅचमध्ये त्यांचं डोकं गोलपोस्टवर आपटलं. उठले आणि खेळत राहिले. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. "तवा कळलं, आपन जिंकलो! अन् गोल कोनी मारला? तर म्याच!"

मामा हे साभिनय सांगतात, पोस्टला मिठी वगैरे मारून. एका संध्याकाळी त्यांनी तो सांगितला, सगळे पोट धरून हसले. अर्ध्या तासाने त्यांनी तोच पुन्हा सांगितला, तेव्हा काही जण हसले. अंधार पडता पडता मामा तिसऱ्यांदा सुरू झाले, "एकदा काय झालं..."

कुणी कुणाकडे बघेना. शेवटी पोस्टला मिठी मारून झाल्यावर अल्ताफ एकटाच मोठ्याने हसला. "मामा," तो म्हणाला, "हा तर तुमी कधी सांगितलाच न्हाई!"

*

सेनगावच्या मॅचआधी मामांनी अकरा जणांची यादी दिली. तीत स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, म्हणून नाव होतं फ्रान्सिस.

"मामा, हा फ्रान्सिस कोन?" सुमेधने विचारलं.

"काहून? आपला फ्रान्सिस!" मामा भडकले. "पाच वर्सं माझ्या बाजूला खेळून राहिला अन् तुमी इचारता कोन?"

मुंबईचा क्लब. मुंबईचा जोडीदार. अल्ताफने यादी घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "येऊ द्या मामा. फकस्त बूट सोताचे आनायला सांगा."

त्या दिवशी मी मामांच्या घरी गेले. मामी भाकरी थापत होत्या. मी काही विचारायच्या आतच बोलल्या, "दोन वर्सं झाली पोरी. भांडी फेकतेत. मग रडतेत. म्या म्हनलं, वय व्हऊन राहिलं, दुसरं काय."

*

मामांना डॉक्टरकडे यायला राजी करण्यात तीन आठवडे गेले. शेवटी गुडघा दाखवायचा असं सांगून मी आणि मामींनी त्यांना नांदेडला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेरची पाटी वाचून मामा म्हणाले, "गुडघा इथं बघतेत व्हय?" पण आत आले.

डॉक्टरांनी विचारलं, "डोक्याला कधी मार लागला होता?"

"कधीच न्हाई," मामा.

"रोज लागायचा," मामी.

मामा मामींकडे वळले. "त्याला मार म्हनत न्हाईत. त्याला हेडिंग म्हनतेत!"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं की असे छोटे छोटे हादरेही वर्षानुवर्षं साठत जाऊ शकतात. हा त्या हादऱ्यांचाच आजार आहे असं माणूस जिवंत असताना खात्रीने सांगता येत नाही. गेलेलं परत आणता येत नाही, पण झोप, चिडचिड, आठवण यांसाठी पुष्कळ काही करता येतं. आणि आता डोक्याला एकही नवा धक्का नको.

परतीच्या एसटीत मामा खिडकीबाहेर बघत होते. वसमत आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "टीमला सांगायचं न्हाई. मला काय झालेलं न्हाई."

*

मग मी नियम घेऊन सगळ्या टीमांकडे फिरले. एकट्या वसमतने पाळून काय उपयोग? गोरेगावला मैदानाच्या कडेला आठ टीमांची बैठक ठरली. मी पुन्हा डबा, दही, स्लाइड. आयोजक म्हणाले, "मॅडम, बाहेर बसवायचा तर बदली खेळाडू कुठून आनायचा? इथं अकराची मारामार!"

मागे एक बाबा मेंढरं घेऊन उभे होते. बराच वेळ ऐकत होते. मधेच म्हणाले, "दोन एडक्यांची टक्कर झाली की मी एडका दोन दिस बांधून ठेवतो. चरायला सुदिक सोडत न्हाई. तुमी मानसाला लगेच काहून सोडता?"

मग सात टीमांनी कागदावर सह्या केल्या. डोक्याला लागलं की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. माझ्या सत्तावीस स्लाइड एका एडक्यापुढे हरल्या!

आठवी सही मामांची राहिली. "बघू," म्हणाले आणि निघून गेले.

*

गेल्या महिन्यात वसमतलाच फायनल झाली. एक-एक बरोबरी, दहा मिनिटं बाकी. कॉर्नरवर सुमेध उडाला, समोरच्या टीमचा डिफेंडर उडाला, आणि दोन डोकी आपटल्याचा आवाज लोकांपर्यंत आला. सुमेध उठून उभा राहिला. "मी बराबर हाय! मॅडम, तुमी येऊ नका!"

मी गेलेच. हात वर करून रेफरीला थांबवलं. त्यांच्या कोचने नियमाप्रमाणे स्वतःचा डिफेंडर गुपचूप बाहेर घेतला. आमचे बदली खेळाडू संपलेले होते. सुमेध गेला तर आम्ही दहा. सगळं मैदान ओरडत होतं, "खेळू द्या! खेळू द्या!" मी दोन्ही हात पसरून सुमेधच्या समोर उभी राहिले, आणि सगळे मामांकडे बघायला लागले.

मामा आत आले. सुमेधच्या मानेवर हात ठेवला. तसाच त्याला चालवत बाहेर आणला आणि बाकावर बसवला.

रेफरीने शिट्टी दिली. आमचे दहा जण धावायला लागले. मी बाकावर बसून नोंदीच्या कागदावर सुमेधचं नाव आणि वेळ लिहीत होते. तेवढ्यात मामा लाइन सोडून माझ्या शेजारी येऊन बसले. गोलमधून अल्ताफ ओरडत होता, "मामा, उठा की! सांगा काहीतरी! दहा मिन्टं हाईत!"

मामा उठले नाहीत. माझ्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "याच्याखाली माझं नाव लिही पोरी. दिगंबर खिल्लारे. डोक्याला लागलंय. सांगायला तीस वर्सं उशीर झाला."

मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली, कागदाची घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"उद्या मी न्हाई म्हनीन," मामा म्हणाले. "तवा हे दाखव मला."